म्हातारी झाडं दिसतात, लेकरं कुठं आहेत?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाकडच्या एका गावातून युवक मंडळाच्या पोरांनी विचारलंय. गावची देवराई आहे तीनेक एकरांची, रान विरळ झालंय. दोन वर्षांमागं पावसाळ्यात 500 रोपं लावली, पहिल्याच उन्हाळ्यात बहुतेक वाळून गेली. यंदा पुन्हा लावायची आहेत, तर कोणती लावावीत आणि किती? सोबत देवराईतल्या 23 झाडांची यादी आहे, आणि खाली एक प्रश्न: "23 जाती म्हणजे विविधता चांगलीच म्हणायची की?"

यंदा काहीच लावू नका. खड्डे तर अजिबात खोदू नका. तुमचा उत्साह मोडायला म्हणत नाही, पण गेली तीसेक वर्षं जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात रोपवाटिका आणि झाडांच्या नोंदी याच कामात गेल्यामुळं सांगतो, की एक हिवाळा तुम्ही फक्त मोजणीला द्या.

आधी त्या 23 आकड्याचं बघू. अख्ख्या पश्चिम घाटात झाडांच्या सुमारे 650 जाती आहेत आणि त्यातल्या 352 जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. हे वाचलं की आपल्या 23 जाती म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण घाट सगळीकडं सारखा नाही. केरळात पाऊस वर्षभरात पसरून पडतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर धो धो, आणि पुढं सात-आठ महिने आभाळ कोरडं. बेळगाव शहरात वर्षाला 1,300 मिलिमीटरच्या आसपास, पन्नासेक किलोमीटरवर कणकुंबीला त्याच्या तिपटीहून जास्त, पण तो सगळा त्याच चार महिन्यांत. कोरडे महिने वाढत जातात तशा दक्षिणेकडच्या सदाहरित जाती एकेक करून मागं राहतात. आपल्या माथ्यावरच्या रानाची ओळखच मुळी अंजनी, जांभूळ आणि पिसा या तिघांवर आहे. वारा लागतो तिथं तीही बुटकी, खालून उतारावर मात्र उंच. तेव्हा तुमच्या 23 ची तुलना दक्षिणेकडच्या आगुंब्याच्या रानाशी करू नका. करायचीच तर शेजारच्या भीमगड अभयारण्यातल्या तशाच उंचीच्या, तशाच मातीच्या तुकड्याशी करा.

पण यादीत खरी खोच आकड्याची नाहीच. तुम्ही लिहिलंय "धूप – 3". मी विचारतो, या तीन धुपांच्या खाली त्यांची रोपं किती? गुडघ्याएवढी किती, डोक्याएवढी किती? ते यादीत नाही, कारण ते कुणी बघतच नाही. झाडांची यादी करताना माणसाची मान वर असते.

धूप, गुळुंब, रानजायफळ, मोठाली जांभळं ही झाडं दीडदोनशे वर्षं उभी राहतात. पणजोबांच्या वेळची झाडं आज दिसतात म्हणून रान शाबूत आहे असं वाटतं. घरात चार म्हातारी माणसं आणि पाळणा एकही नाही, अशातली गत. जात यादीत आहे, प्रत्यक्षात ती संपलेली आहे, फक्त शेवटचं झाड पडायचं बाकी. आपल्या टापूतल्या रानांचा धोका मला तरी सगळ्यांत जास्त इथंच दिसतो. कुऱ्हाड दिसते, तिची बोंब होते. रोपं न उगवण्याची बोंब होत नाही.

म्हणून मोजणी. मोजणीला यंत्र लागत नाही. 20 मीटर बाय 20 मीटरचा चौकोन दोरीनं आखा. तो साधारण एक दशांश एकर भरतो, म्हणजे हिशेब सोपा. तीन एकरांत असे चार-पाच चौकोन पुरेत, पण ते देवळाजवळ एक, ओढ्याजवळ एक, बाहेरच्या कडेला एक असे पसरून घ्या. सगळे देवळाभोवतीच घेतलेत तर रान आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसेल. चौकोनात छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.3 मीटरवर, ज्याचा घेर 30 सेंटीमीटरच्या वर आहे ते प्रत्येक झाड मोजायचं. शिंप्याची टेप चालते. मुळाशी भिंतीसारखे आधार फुटलेले असले तर त्यांच्या वर मोजा, नाहीतर बुंध्याच्या दुप्पट घेर लिहून बसाल. मग त्याच चौकोनात 5 बाय 5 मीटरचा छोटा चौकोन, त्यात माणसाएवढी रोपं. त्यात पुन्हा 1 मीटरचा, त्यात बोटाएवढी. तीन थर, तीन रकाने. ज्या जातीच्या पहिल्या रकान्यात आकडा आहे आणि उरलेले दोन कोरे आहेत, ती तुमची काळजीची जात. सगळी रोपवाटिका तिच्यासाठी.

नावांचं मात्र सांभाळा. आपल्या भागात प्रत्येक झाडाला किमान दोन नावं. आपलं ऐन म्हणजे कन्नडमध्ये मत्ती. आपला नाना म्हणजे नंदी, बिबळा म्हणजे होन्ने, हिरडा म्हणजे अळले, कोकम म्हणजे मुरुगल. फॉरेस्टच्या कागदात दुसरं नाव असतं आणि गावकऱ्याच्या तोंडात पहिलं. माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका रोपवाटिकेत फोनवर रोपं मागितली. समोरचा म्हणाला, जंबे आहेत, किती हवेत? मी समजलो जांभूळ. टेम्पो आला तर देठाला दोन फाटे आणि त्यांवर जोडीजोडीनं पानं! जंबे म्हणजे जांभा, लाल चिवट लाकडाचं कोरड्या रानातलं झाड. ते वाईट नाही, पण ओढ्याकाठी सावलीत लावायचं ते झाड नव्हे. रोपं खालच्या अंगाच्या माळावर लावून टाकली, बरी वाढली. तेव्हापासून मी पान समोर ठेवल्याशिवाय झाडाचा व्यवहार करत नाही. नाव येत नसेल तर झाडाला नंबर द्या, पान, फूल, फळ आणि साल जराशी कापून दिसणारा आतला भाग यांचा फोटो ठेवा. नाव नंतर सापडतं.

आता तुमची 500 रोपं का मेली. ती अकेशिया, सिल्व्हर ओक आणि काही जांभळं होती असं तुम्ही लिहिलंय. देवराईत अकेशिया लावायला कुणी दिला हे विचारत नाही. तो ऑस्ट्रेलियाकडचा, आणि आपण ज्याला त्याचं पान म्हणतो ते पान नसून चपटा झालेला देठ आहे. म्हणून कोरड्यात तो तग धरतो, आणि म्हणूनच खाली पडलेला पाचोळा लवकर कुजत नाही. जांभळं का गेली हे जास्त महत्त्वाचं. ती जुलैच्या मध्याला लावली, वीतभर उंचीची होती, आणि खड्ड्याला आळं केलं होतं. आळं बेळगावच्या पूर्वेला, कमी पावसाच्या गोकाककडं ठीक. आपल्याकडच्या पावसात आळं म्हणजे डबकं, मुळं दीड महिना पाण्यात. आपल्याकडं रोपाभोवती उंचवटा हवा, पाणी बाजूला वाहून जायला. आणि मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून माती खोल भिजली की लगेच लावायचं, आर्द्रा संपेपर्यंत आटपायचं. पुढं रोप पावसाळाभर मुळं सोडतं. त्यावरच त्याचा फेब्रुवारी ते मे निघतो. वीतभराचं रोप निघत नाही. दोन वर्षं पिशवीत वाढवलेलं, कमरेएवढं, ते निघतं.

आणि ही रोपं विकत मिळत नाहीत, इथंच सगळं अडतं. सागवान, अकेशिया यांचं बी वाळवून पोत्यात भरून वर्षभर ठेवता येतं, म्हणून प्रत्येक नर्सरीत तेच. सदाहरित रानातल्या बहुतेक झाडांचं बी ओलं असतं. वाळलं की मेलं. जांभळाचं बी पंधरवडाभर उघड्यावर ठेवलंत तर निम्मंही उगवत नाही. रानजायफळ, कोकम, आंबा सगळ्यांचं तेच. निसर्गाचा बेत सरळ आहे, फळ पावसाच्या तोंडावर पिकतं, बी ओल्या मातीत पडतं आणि लगेच रुजतं. त्याला थांबायची गरज कधी पडलीच नाही. गरज आपल्याला आहे, आपल्या टेंडरांना आहे. सरकारी लागवडीत कोणती झाडं दिसतात हे बियाणं साठवता येतं की नाही यावर ठरतं, झाडाच्या गुणावर नाही. हे मला कळायलाच दहा वर्षं लागली.

तर बी गोळा करायचं त्याच दिवशी गर धुऊन पेरायचं. जांभळाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात, घाबरू नका, ते तसंच असतं. जोमदार ठेवा, बाकीचे ओले असतानाच अलगद वेगळे करून लावा. हिरड्याची आठोळी दगडासारखी. शेणाच्या काल्यात भिजत घाला, मधेच सुकवा, पुन्हा भिजवा, आणि तरी वाट बघायची तयारी ठेवा. वड, नांद्रुक यांच्या बियांच्या नादी लागूच नका. मनगटाएवढ्या जाडीचे, पुरुषभर उंचीचे खुंट पावसाच्या तोंडावर रोवा. हे खुंट म्हणजे तुमचे फुकटचे मजूर. दोन वर्षांत फांद्या फुटतात, त्यांवर पाखरं बसतात, आणि बसल्या जागी दुसऱ्या झाडांचं बी टाकतात.

बी एका झाडाखालचं भरभरून आणू नका. सोपं पडतं म्हणून सगळे तेच करतात. मग तीन एकरांत सगळी भावंडंच. लांब लांबच्या पाच-सहा तरी आईझाडांखालून थोडं थोडं घ्या, आणि पडलेल्यातला चौथा हिस्सा घ्या, उरलेलं खारी, वटवाघळं, धनेशाला राहू दे. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून परवानगीशिवाय बीसुद्धा उचलायचं नाही. मालकीच्या रानांत आणि देवरायांतच पुरेशी आईझाडं आहेत, मालकाला विचारून घ्या.

कोकमाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या यादीत कोकम "7" आहे आणि पुढं कंसात "त्यातली 3 वांझ, तोडायची का?" असं लिहिलंय. अरे बाबांनो, ती वांझ नव्हेत, ते नर आहेत. कोकमाला नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. बी लावलं तर साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. फळ धरत नाही म्हणून परड्यातले नर तोडायची आपल्याकडं पद्धतच आहे, मग चार वर्षांनी शेजारच्या माद्या कमी धरायला लागल्या की पावसाला दोष. कोकम हे फक्त आपल्या घाटाचं झाड, जगाच्या धोक्याच्या यादीत ते आहे. सोलं विकायची असतील तर परड्यात कलमं लावा, ती सगळी मादी मिळतात. देवराईत मात्र बियांचंच रोप हवं, कलम म्हणजे एकाच झाडाची नक्कल. त्या तिघांना हात लावू नका.

साल आणि मुळाच्या व्यापाराचंही बघून ठेवा. गुळुंबाची साल अगरबत्तीच्या मसाल्याला चिकटपणा यावा म्हणून जाते. बुंध्याभोवती चारी बाजूंनी साल काढली की ते झाड दोन उन्हाळ्यांत उभ्या उभ्या वाळतं. सीता अशोकाची साल औषधाला जाते, आणि रस्त्याकडेला लावतात तो उंच सरळ अशोक म्हणजे हा नव्हे. नरक्याचं तर तुम्ही चंदगडकडच्या पाहुण्यांकडून ऐकलंच असेल. त्यात कॅन्सरच्या औषधाला लागणारं कॅम्प्टोथेसिन असतं हे 1972 मध्ये कळलं आणि त्या बिचाऱ्या दुर्गंधी फुलांच्या झाडाला तेव्हापासून कुऱ्हाडीची नजर लागली. देवराईत नरक्या सापडला तर वहीत लिहा, पण चौकात सांगू नका.

रोपं का नाहीत याची कारणं प्रत्येक जातीची वेगळी असतात, तरी आपल्याकडं तीन नेहमी सापडतात. पहिलं, आग. गवताला कोंब यावेत म्हणून फेब्रुवारी-मार्चला कुणीतरी काडी लावतं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, त्याला काही होत नाही. पिसा, धूप, अंजनी यांची रोपं पातळ सालीची, एका धगीत संपतात. चार-पाच आगींत सदाहरित रानाचं ऐन-किंजळाचं रान होतं आणि मग लोक म्हणतात हे रान पहिल्यापासून असंच. बाहेरच्या कडेनं डिसेंबरअखेर चार मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा, काढा, 500 रोपांपेक्षा तिचा उपयोग जास्त. दुसरं, गोठ्यात अंथरायला आणि तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, भाजायला पाचोळा झाडून नेणं. पाचोळ्याबरोबर बी जातं, ओल जाते. गरज खरी आहे, बंद करा म्हणणारा मी कोण, पण देवराईतला नको, मालकीच्या काजूखालचा घ्या.

तिसरं कारण सांगताना गावाचा रोष पत्करावा लागतो. देवराईची स्वच्छता. जीर्णोद्धारात सभामंडप आला, फरशा आल्या, वेली तोडल्या, खालची झुडपं "साप येतात" म्हणून साफ केली. खालून लख्ख झालेली देवराई फोटोत छान दिसते. तिथं पाळणा हलायचा नाही. पोकळ, वाळलेलं झाडही पाडू नका. धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेते, तीन-चार महिने नर फटीतून चारा पुरवतो. आपल्याकडं काही जण त्याला गरुडच म्हणतात. धुपाची, रानजायफळाची टपोरी बी गिळून दूर नेऊन टाकणारी पाखरं आपल्याकडं मोजकीच, त्यात हा मोठा. तो गेला की ती बी आईच्याच पायाशी पडून कुजते. तुमच्या तीन धुपांना रोपं नसण्याचं एक कारण तेही असू शकेल. मला तुमचं गाव आठवतं, तिथं धनेश ऐकल्याला बरीच वर्षं झाली.

मग लावायचं काय? कडेला, उजेडात, आधीच उगवलेला चांदाडा असेल. ढालीसारखं पान, देठ पानाच्या मधोमध चिकटलेला. निकामी म्हणून तो तोडतात. तो तोडू नका, तो दाई आहे. त्याच्या सावलीत दोन-तीन वर्षांनी जांभूळ, पिसा, कोकम लावा. उघड्या जागी नाना, किंजळ, सातवीण. जिवंत राहिलेला अकेशियासुद्धा एकदम काढू नका. आता तो छत्री आहे, तिच्याखाली सावलीतली रोपं लावा आणि तो दरवर्षी थोडा थोडा विरळ करा. आणि जुन्या बुडख्यांना फुटवे आलेत का ते आधी बघा. तोडलेल्या झाडाला मुळं आयती असतात, चारपैकी एक सरळ फुटवा राखला की पाच वर्षांत तो तुमच्या रोपांच्या पुढं निघून जातो. त्याचा कुणी फोटो काढत नाही, एवढाच त्याचा दोष.

कागदाचं थोडक्यात. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, 190 चौरस किलोमीटरचं. मलप्रभा कणकुंबीच्या माउलीच्या देवळापाशी आणि म्हादई त्याच डोंगरांत उगम पावते, तेव्हा कर्नाटक-गोव्याच्या पाण्याच्या भांडणात या रानांचं नाव येतच राहणार. त्यात पडू नका. तुमच्या हाती आहे ते एवढंच: 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीत समिती आणि गावच्या झाडापाखरांची लोकांची नोंदवही असायला हवी. वही बहुतेक ठिकाणी कुणीतरी शहरातून येऊन दोन दिवसांत भरलेली असते. तुमच्या तीन रकान्यांची मोजणी तिच्यात चिकटवून घ्या, ठराव करून, मराठी आणि कन्नड दोन्ही नावांसकट. उद्या देवराईतून रस्ता किंवा तारा न्यायच्या झाल्या तर "इथं धुपाची तीन झाडं आहेत आणि रोप एकही नाही" हे तारखेसकट कागदावर असलेलं बरं. भावनेचं भाषण फाईलला लागत नाही.

दिवाळी झाली की जळवा कमी होतात, वाटा सुकतात. तेव्हा सुरू करा. पहिला चौकोन ओढ्याजवळचा घ्या, मी येतो. येताना दोरी, टेप आणि जाड पुठ्ठ्याची वही आणा. आणि गावातली एखादी म्हातारी सोबत घ्या, जिनं लहानपणी याच रानात गुरं राखली आहेत. कुठल्या झाडाखाली पूर्वी रोपं उगवायची, ते तिला आठवेल.